तळवा, कातळ आणि पायडल : गुंजवणे खोऱ्यातील पकडीचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात, राजगडाच्या पायथ्याशी वसलेले गुंजवणे हे गाव इतिहासग्रंथांत बहुधा एका चढाच्या वाटेचे आरंभस्थान म्हणून येते. पुणे-सातारा महामार्गावरील नसरापूर फाट्याहून मार्गासनी आणि साखर या गावांवरून येणारा रस्ता येथे संपतो आणि तेथून पुढे पायवाट सुरू होते. चाकाचा प्रदेश आणि पायाचा प्रदेश ज्या ठिकाणी एकमेकांना भिडतात अशा या गावाच्या आधाराने एका दुर्लक्षित विषयाचा इतिहास मांडता येतो. तो विषय म्हणजे पादत्राणाची पकड. चढउताराच्या जमिनीवर, आणि अलीकडच्या काळात डोंगरी सायकलच्या सपाट पायडलावर, तळवा घसरू नये यासाठी माणसाने जे उपाय केले, त्यांत वरवर पाहता काहीच साम्य दिसत नाही. परंतु बारकाईने पाहिल्यास त्या साऱ्यांमागे एकच तत्त्व आढळते. पकड साधायची तर एकमेकांवर टेकलेल्या दोन पृष्ठभागांपैकी एकाने रुतावे लागते आणि दुसऱ्याने दबावे लागते; दोन्ही कठीण असले तर पाय सरकतो, आणि दोन्ही मऊ असले तर पायाखालचा थरच निघून येतो.

या खोऱ्याची जमीन हे तत्त्व शिकवण्यास विशेष योग्य आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांतून तयार झालेला सह्याद्रीचा बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, येथे थराथरांनी रचलेला असून घट्ट थर कड्यांच्या रूपाने उभे राहतात, तर सच्छिद्र आणि ठिसूळ थर झिजून त्यांच्या पायथ्याशी उतार तयार करतात. त्यामुळे एकाच चढात पायाला तीन प्रकारची जमीन भेटते. पहिली कोरड्या कातळाची, जिचा खरखरीतपणा इतका असतो की अनवाणी तळव्यालाही तिच्यावर भरवसा ठेवता येतो. दुसरी घसाऱ्याची, घसारा म्हणजे मुरूम, बारीक खडे आणि कोरडी माती यांचा कठीण उतारावर पसरलेला सुटा थर, ज्यावर पाय आणि जमीन यांच्यामध्ये खड्यांचा जणू तिसराच पृष्ठभाग येतो आणि पाय त्यासह खाली येतो. तिसरी पावसाळ्यातील ओल्या, शेवाळलेल्या दगडाची, जिच्यावर पाण्याचा आणि शेवाळाचा पातळ पापुद्रा तळव्याला दगडापर्यंत पोहोचूच देत नाही. गुंजवण्याहून राजगडाच्या चोरदरवाजाकडे जाणारी वाट या तिन्ही जमिनी दोनतीन तासांत दाखवते. आधी झाडीतला चढ, मग मोकळ्या सोंडेवरचा घसारा आणि शेवटी पद्मावती माचीवर नेणारा कातळाचा उभा टप्पा, ज्याला आता लोखंडी कठडे लावलेले आहेत.

गडाच्या वाटांमधील भेदही याच दृष्टीने वाचण्यासारखा आहे. राजगड सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी होता. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे बारा किल्ले शिवाजी महाराजांकडे राहिले त्यांत तो होता आणि १६६६ मध्ये आग्र्याहून सुटल्यावर महाराज परतले ते याच गडावर. राजधानीचा गड म्हणजे धान्य, लाकूड, दारूगोळा आणि पालख्या यांची नित्य वर्दळ, आणि भार वाहणाऱ्या माणसाला पाय टेकण्यासाठी सपाट जागा लागते. पाली दरवाजाकडे येणारी वाट म्हणूनच रुंद, पायऱ्यांची आणि तुलनेने सुकर राखलेली आहे. चोरदरवाजाची वाट याउलट मोजक्या, बिनओझ्याच्या आणि खात्रीच्या पायांसाठी होती. पायऱ्या खोदणे म्हणजे उताराला आडवे करून घसरण्याचा प्रश्नच मिटवणे होय, तर कातळात खोबण्या ठेवणे म्हणजे तो प्रश्न चढणाऱ्याच्या तळव्यावर सोपवणे होय. गडाच्या बांधणीत तटबुरुजांचे महत्त्व सर्वांनी सांगितले आहे. वाटेची पकड मुद्दाम कमी-अधिक ठेवणे हाही संरक्षणाचाच भाग होता, हे मात्र तितक्या आग्रहाने सांगितले गेलेले नाही.

या वाटांवर चालणाऱ्या पायाचे सर्वांत जुने पादत्राण म्हणजे त्याची स्वतःची कातडी. भातखाचरांच्या या प्रदेशात आवणीच्या, म्हणजे रोपे लावण्याच्या, दिवसांत चिखलात कोणतेही पादत्राण टिकत नाही आणि अनवाणी वावरणाऱ्या माणसाचा तळवा जाड, चिवट आणि तरीही दबणारा होतो. कोरड्या कातळावर असा तळवा उत्तम धरतो, कारण कातळाचे बारीक कंगोरे त्यात रुततात आणि बोटे स्वतंत्रपणे वळून आधार शोधतात. त्याची मर्यादा उन्हाळ्यात तापलेल्या खडकाने आणि करवंदीच्या काट्याने ठरते. कातडी वहाण आली ती मुख्यतः या दोन गोष्टींपासून संरक्षण म्हणून, पकडीसाठी नव्हे.

वहाणेचा व्यवसाय गावगाड्याच्या बलुतेपद्धतीत बसवलेला होता. बलुते म्हणजे गावाच्या गरजेची कामे वंशपरंपरेने करणाऱ्या कारागिरांना सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने मिळणारा वाटा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मधील ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे जे तपशीलवार वर्णन आहे, त्यात चांभाराकडे जोडे आणि वहाणा यांबरोबर शेतीच्या कातडी वस्तूंचीही जबाबदारी येते. कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे असे आणि त्यासाठी बाभळीची साल व हिरडा यांचा उपयोग होई. या दोहोंत टॅनिन हे तुरट द्रव्य असते, जे कातड्यातील तंतूंशी जखडून त्याला कुजण्यापासून वाचवते आणि टणक करते. भोर-वेल्ह्याच्या पश्चिमेकडील रानांत हिरड्याची झाडे विपुल आहेत. म्हणजे वहाणेचा टणकपणा ज्या फळातून येतो ते फळही याच डोंगरांत पिकते. आरीने भोके पाडून, रापीने कातडे तासून आणि वादीने, म्हणजे कातड्याच्या बारीक पट्टीने, तळाचे थर शिवून जी वहाण तयार होते, ती वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू असते. या कारागिरांनी गडकोटांच्या इतिहासात जितकी पावले चालवली त्या मानाने त्या इतिहासात त्यांना मिळालेली जागा फारच अपुरी आहे.

तथापि कमावलेल्या कातड्याचा तळ कठीण असतो आणि वापराने गुळगुळीत होतो. कातळ कठीण आणि तळही कठीण, अशा जोडीत रुतणारे आणि दबणारे असे काहीच उरत नाही. ओल्या दगडावर तर भिजलेले कातडे बुळबुळीत होते. यावर जुना उपाय होता लोखंडाचा. टाचेला नाल ठोकणे किंवा तळात जाड डोक्याचे खिळे बसवणे ही पद्धत डोंगरात आणि माळावर हिंडणाऱ्यांच्या वजनदार वहाणांत दिसते. बैलांच्या खुरांना पत्री आणि घोड्यांना नाल मारण्याची जी विद्या नालबंदाकडे होती, तिचाच हा मानवी अवतार म्हणता येईल. युरोपातील आल्प्स पर्वतात चढणारे गिर्यारोहकही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत खिळेदार बूटच वापरत. खिळा मातीत, गवतात आणि मुरमात रुतत असल्यामुळे उतारावर तो आधार देतो, आणि तळाची झीजही रोखतो. परंतु नग्न कातळावर तो रुतू शकत नाही, कारण दगड दबत नाही. तेथे लोखंडाचे टोक दगडावर टेकून घसरते. खिळेदार वहाण ही अशा रीतीने निम्म्या वाटेचे उत्तर होती.

उरलेल्या निम्म्या वाटेचे उत्तर रबराने दिले. चार्ल्स गुडइयर यांना १८४४ मध्ये ज्या प्रक्रियेचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिळाले, तीत कच्च्या रबरात गंधक मिसळून ते तापवल्याने रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होणे थांबले. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले आणि सायकलला रबरी टायर मिळाले. घर्षणाचा जो सामान्य नियम गिल्योम आमोंतों यांनी १६९९ मध्ये मांडला, त्यानुसार घर्षण हे पृष्ठभागांवरील दाबाच्या प्रमाणात असते आणि स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. रबर हा नियम पाळत नाही. ते दगडाच्या सूक्ष्म उंचसखलपणात शिरून त्याचा आकार घेते, त्यामुळे जितके अधिक रबर टेकेल तितकी पकड वाढते. शिवाय दबून पुन्हा पूर्ववत होताना ते काही ऊर्जा गिळते आणि त्यामुळेही सरकणे रोखले जाते. बेसाल्टसारख्या खरखरीत दगडाला असाच तळ हवा असतो. येथे दात दगडाकडे असतात आणि दबण्याचे काम तळ करतो.

हा शोध महाराष्ट्राच्या खेड्यांत प्रयोगशाळेतून नव्हे तर भंगारातून पोहोचला. मोटारींचे आणि मालमोटारींचे झिजलेले टायर कापून त्यांचा तळ वहाणेला लावण्याची पद्धत विसाव्या शतकात सर्वत्र रूढ झाली. टायरची चप्पल कातडी वहाणेपेक्षा स्वस्त, पाण्याला न भिणारी आणि झिजायला फार चिवट होती, आणि तिच्या तळावर टायरच्या मूळच्या खाचा उरलेल्या असत. त्या खाचा पाणी बाजूला सारत आणि रबर दगडाला भिडे. रस्त्यावरच्या वाहनासाठी केलेली रचना पायवाटेवरच्या माणसाला अनायासे उपयोगी पडली, आणि ती पायवाटेपर्यंत आणण्याचे श्रेय ज्यांनी ती कापली व शिवली त्या कारागिरांचे आहे.

युरोपात याच कल्पनेसाठी मोठी किंमत मोजावी लागली. १९३५ मध्ये इटलीतील पुंता रासिका या शिखरावर वादळात सापडून सहा गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. त्यांचे सहकारी विताले ब्रामानी यांनी त्यानंतर खिळ्यांऐवजी खोल ठोकळ्यांच्या रबरी तळाची कल्पना पुढे नेली आणि १९३७ मध्ये तिचे पेटंट घेतले. व्हिब्रम हे नाव त्यांच्याच नावापासून तयार झाले आणि १९५४ मध्ये केटू शिखराची पहिली चढाई करणाऱ्या इटालियन मोहिमेने हेच तळ वापरले. ठोकळेदार तळाचा हेतू दुहेरी असतो : मऊ जमिनीत ठोकळे खिळ्यांसारखे रुतावेत आणि दगडावर ते रबरासारखे दबावेत.

सह्याद्रीत हौशी डोंगरयात्रेची चळवळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढली. मुंबईची ‘गिरिविहार’ १९५४ मध्ये आणि पुण्याची ‘गिरिप्रेमी’ १९८२ मध्ये स्थापन झाली. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांच्या दुर्गलेखनाने आणि आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ या मार्गदर्शक ग्रंथाने अनेक पिढ्यांना वाटेला लावले, आणि राजगड हा त्या साऱ्यांचा आवडता गड राहिला. या मंडळींच्या पायांत प्रथम कॅनव्हासचे रबरी तळाचे ‘हंटर’ बूट असत, पुढे ‘ॲक्शन’चे स्वस्त ट्रेकिंग बूट आले. महागड्या परदेशी बुटांपेक्षा हे साधे बूट सह्याद्रीच्या कातळावर चांगले धरतात, असे अनुभवी डोंगरयात्री सांगत आले आहेत, आणि ते तत्त्वाला धरूनच आहे : टिकाऊपणासाठी कठीण केलेले रबर झिजत नाही, पण दबतही नाही, आणि तळाच्या खाचा कितीही खोल असल्या तरी कठीण रबर ओल्या बेसाल्टवर कातड्याइतकेच निरुपयोगी ठरते.

सायकलचा इतिहास या पायवाटेला उशिरा येऊन मिळतो. पुणे हे दीर्घकाळ सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई आणि शहराभोवतीच्या खेड्यांत दूधवाले, पोस्टमन व शिक्षक यांच्यामुळे सायकल नित्याची झाली होती. या काळ्या, जड सायकलींच्या पायडलावर रबरी ठोकळे बसवलेले असत, आणि ते झिजले की आतला लोखंडी दांडा उघडा पडे. उंची पुरत नसल्याने नळीखालून पाय घालून ‘हाफ पायडल’ मारणारी मुले त्यावर बहुधा अनवाणीच असत. सपाट रस्त्यावर एवढी व्यवस्था पुरेशी होती, कारण पायावरचा दाब सतत खालीच असतो आणि तळवा उचलला जाण्याचे कारणच नसते. पायडलावरचे रबर मऊ आणि चपलेचे रबरही मऊ, ही जोडी कोरड्या हवेत चालून जाते. पावसाचे पाणी आणि चिखल मध्ये आला की मात्र दोहोंपैकी कोणीच रुतत नाही.

खडबडीत वाटेवर चित्र पालटते. दगडावरून चाक आपटते तेव्हा सायकल क्षणभर वर फेकली जाते आणि पाय पायडलावरून सुटण्याचा धोका याच क्षणी असतो. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत तरुणांनी १९७६ पासून डोंगरउतारावर जुन्या सायकलींच्या ज्या शर्यती भरवल्या, त्यांतून डोंगरी सायकलचा जन्म झाला. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये या कामासाठी मुद्दाम सांगाडा बनवला आणि १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची ‘स्टंपजंपर’ मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. पाय धरून ठेवण्याचे तेव्हा दोन मार्ग होते. एक, पंजाभोवती धातूचा पिंजरा व पट्टा घालणे, आणि पुढे १९९० मध्ये ‘शिमानो’ने आणलेल्या पद्धतीप्रमाणे बुटाच्या तळात बसवलेली धातूची पट्टी पायडलाच्या स्प्रिंगदार जबड्यात अडकवणे. दुसरा, पायडल सपाट व दातेरी ठेवून पाय मोकळाच राखणे; ही रीत लहान चाकांच्या बीएमएक्स सायकलींवरून आली.

सपाट पायडलाच्या धातूवर जे बारीक खिळे उभे असतात त्यांना सायकलस्वार ‘पिना’ म्हणतात. येथे खिळेदार वहाणेची रचना नेमकी उलटलेली आहे : खिळा तळातून निघून पायडलावर गेला आणि तळ त्याच्यापुढे दबण्यासाठी मऊ झाला. या उलटापालटीमुळे एक सामान्य समज खोटा ठरतो. खोल ठोकळ्यांचा डोंगरी बूट सर्वांत चांगला धरेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात अशा बुटाचे थोडेच रबर पायडलाला टेकते, पिना ठोकळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडतात किंवा ठोकळ्याच्या कडेवरून निसटतात, आणि पाय एकदा चुकीच्या जागी बसला की तो हलवताही येत नाही. सपाट, दाट आणि मऊ तळ पिनांच्या सर्व टोकांवर एकाच वेळी दबतो. बीएमएक्स चालवणाऱ्यांनी १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हॅन्स’ कंपनीचे उथळ चौकडीच्या तळाचे बूट याच कारणाने पसंत केले. पुढे चार्ल्स कोल या कॅलिफोर्नियातील प्रस्तरारोहकाने १९८५ मध्ये ‘फाइव्ह टेन’ कंपनी काढून कातळ चढण्यासाठी जे विशेष मऊ रबर तयार केले, तेच रबर ठिपकेदार उथळ नक्षीच्या रूपाने डोंगरी सायकलस्वारांच्या बुटांत आले. कातळासाठी शोधलेला तळ पायडलावर यशस्वी व्हावा यात नवल नाही, कारण दातेरी पायडल आणि खरखरीत कातळ हे तळव्याच्या दृष्टीने एकाच जातीचे पृष्ठभाग आहेत. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिल यांनी सपाट पायडलावर उतारशर्यतीची जागतिक अजिंक्यपदे जिंकली आणि २०१७ ते २०१९ अशी सलग तीन वर्षे एन्ड्युरो जागतिक मालिकाही जिंकली, तेव्हा हा मार्ग केवळ नवशिक्यांचा असल्याचा आक्षेप मागे पडला.

महाराष्ट्रात जाड टायरच्या सायकली विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘रेंजर’ या नावाने मुलांच्या तोंडी रुळल्या. खऱ्या डोंगरी सायकली त्यानंतर आल्या आणि पुण्याच्या सायकलस्वारांना पाबे घाट, मढे घाटाकडील केळद परिसर आणि गुंजवणी नदीचे खोरे ही जवळची क्षेत्रे सापडली. या भागात सपाट पायडलच अधिक योग्य, असे म्हणण्यास सबळ कारणे आहेत. येथील बैलगाडीच्या वाटा आणि बांध मध्येच ओढ्याने तुटतात, स्वाराला वारंवार उतरून सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि तळात धातूची पट्टी असलेला बूट ओल्या कातळावर धोक्याचा ठरतो. तांबडी चिकण माती स्प्रिंगच्या जबड्यात बसली की तो पाय घेतही नाही आणि सोडतही नाही. उघड्या पिनांच्या पायडलावरून तोच चिखल गळून पडतो. पकडीचा उरलेला भाग मात्र कौशल्याचा आहे : उतारावर टाच पंजापेक्षा खाली ठेवली की शरीराचा भार तळव्याला पुढे आणि खाली दाबतो आणि धक्का पाय उचलण्याऐवजी त्याला पिनांवर अधिक घट्ट बसवतो. टाच वर राहिली तर उत्तम तळही निसटतो. पायडलाचा मधला भाग किंचित खोलगट आणि पुढच्या-मागच्या कडांच्या पिना उंच ठेवण्यामागेही हेच गणित आहे, कारण खोलगट जागेत तळवा थोडा वाकून बसतो आणि दोन्ही कडांवर रुततो.

राजगड हे राज्य संरक्षित स्मारक असून जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक आहे. त्यामुळे चाकाची मर्यादा गुंजवण्यातच संपावी हे उचित आहे. सायकल गावात ठेवून त्याच बुटांनी चोरदरवाजा चढणाऱ्यापुढे मात्र एक जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. पायडलासाठी केलेला सपाट, मऊ तळ कोरड्या कातळटप्प्यावर उत्कृष्ट धरतो, परंतु घसाऱ्यावर, विशेषतः उतरताना, त्याला रुतण्यासाठी काहीच नसते आणि सुट्या खड्यांवरून तो सरकतो. बूट बनवणाऱ्यांनी अलीकडे यावर जी तडजोड शोधली आहे, तीत पायडलावर टेकणारा पंजाचा भाग सपाट आणि मऊ ठेवून बोटांच्या टोकाशी व टाचेशी तेवढे खोल ठोकळे दिलेले असतात, म्हणजे सायकल चालवताना मधला तळ पिनांवर दबतो आणि गड उतरताना टाच मुरमात रुतते.